वाचकांचे प्रश्न : म्हात्रे पुलावरचे म्हात्रे कोण?

प्रश्न : मी दत्तवाडीत राहते आणि कॉलेजला रोज म्हात्रे पुलावरून एरंडवण्याकडे जाते. लग्नपत्रिकांवर, रिक्षावाल्यांच्या तोंडी, वाहतुकीच्या बातम्यांत सगळीकडे ‘म्हात्रे पूल’ असतो. हे म्हात्रे कोण, असं घरी विचारलं. बाबा म्हणाले, पूल बांधणारे इंजिनिअर असतील. आजोबा म्हणाले, परदेशात मारलं होतं त्यांना कोणीतरी. खरं कोणाचं?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आजोबांचं. माझा नमस्कार सांगा त्यांना.

पुलाचं पूर्ण नाव रवींद्र म्हात्रे पूल. रवींद्र हरेश्वर म्हात्रे हे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या भारतीय उच्चायोगाच्या कार्यालयात अधिकारी होते. वय ४८. शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९८४. संध्याकाळी ते कामावरून बसने घरी निघाले होते. बार्टली ग्रीन या वस्तीत ते उतरले तेव्हा हातात केक होता, कारण त्या दिवशी मुलीचा वाढदिवस होता. घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तिथेच त्यांना गाडीत कोंबून नेलं. नंतर लंडनमध्ये एका वृत्तसंस्थेकडे चिठ्ठी पोहोचली. ‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ असं नाव घेतलेल्या गटाच्या मागण्या त्यात होत्या : तिहार तुरुंगात फाशीच्या कोठडीत असलेल्या काश्मिरी फुटीरतावादी नेत्याला, मकबूल भटला, आणि इतर काही कैद्यांना सोडा, शिवाय दहा लाख पौंड द्या. मुदत अगदी तोकडी. म्हात्र्यांना बर्मिंगहॅममध्येच, अ‍ॅलम रॉक भागातल्या एका घरात डांबलं होतं. रविवारी रात्री लेस्टरशायरमध्ये शेतालगतच्या एका रस्त्यावर त्यांचा मृतदेह सापडला. गोळ्या घातलेल्या होत्या.

मी त्या वेळी मुंबईत एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती. टेलिप्रिंटरवर इंग्रजी मजकूर येई, तो फाडून घ्यायचा आणि मराठी करून कंपोझला पाठवायचा. रविवारी रात्री शेवटचा जो मजकूर हाती आला त्यात पोलिसांचा शोध चालू असल्याचं होतं. मी मथळा दिला : ‘म्हात्रे यांचा शोध जारी’. शहर आवृत्ती छपाईला गेली. तिकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. सोमवारी सकाळी मुंबईकरांनी चहाबरोबर माझी बातमी वाचली, तेव्हा ज्यांचा शोध जारी होता ते गेलेले होते. त्यात माझी चूक काही नव्हती, घड्याळाची होती. पण तो अंक मी अजून जपून ठेवला आहे आणि तो मथळा मला अजून खुपतो.

प्रश्न : बर्मिंगहॅमच का? काश्मीरचा प्रश्न आणि इंग्लंडातलं एक कारखान्यांचं शहर, यांचा संबंध काय?
– निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

उत्तर : संबंध एका धरणाचा आहे. पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये मीरपूरजवळ १९६० च्या दशकात मंगला धरण बांधलं गेलं. एक लाखाहून अधिक लोक विस्थापित झाले. आपल्याकडे कोयनेच्या आणि पानशेतच्या धरणग्रस्तांनी जे पाहिलं तेच : घर, शेत, थडगी पाण्याखाली. त्यांतले पुष्कळजण ब्रिटनला गेले आणि बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड अशा शहरांतल्या गिरण्या-कारखान्यांत लागले. १९७७ मध्ये बर्मिंगहॅममध्येच, स्वतंत्र काश्मीर मागणाऱ्या जम्मू-काश्मीर लिबरेशन फ्रंटची स्थापना झाली. अमानुल्ला खान तिचे पुढारी होते आणि मकबूल भट तिचा सर्वांत मोठा चेहरा. अपहरण करणाऱ्यांनी नाव वेगळं घेतलं असलं तरी हा फ्रंटचाच मुखवटा होता, असंच मानलं जातं.

एक गोष्ट इथे बजावून सांगतो. पोटासाठी तिथे गेलेल्या हजारो मीरपुरी कामगारांचा या खुनाशी काडीचा संबंध नव्हता. म्हात्र्यांच्या कार्यालयाची कामं पासपोर्टची, व्हिसाची, दाखल्यांची. त्यांनी ना काश्मीरचं धोरण ठरवलं होतं, ना भटची शिक्षा. पकडणाऱ्यांना भारत सरकार हवं होतं आणि बस थांब्यावर एक गृहस्थ एकटे सापडले, एवढाच त्यांचा दोष.

प्रश्न : सरकारने बोलणी केली असती तर म्हात्रे वाचले असते का? आणि मग भटला घाईघाईने फाशी दिली, ते योग्य होतं का?
– वाचक, सोलापूर

उत्तर : पहिल्या प्रश्नावर मी बरीच वर्षं विचार केला आहे. शुक्रवारी संध्याकाळी उचललं, रविवारी रात्री प्रेत सापडलं. मध्ये दोन दिवस. शनिवार-रविवारच्या सुट्टीत लंडन, दिल्ली आणि बर्मिंगहॅम पोलीस यांनी एकमेकांशी बोलून काही ठरवावं, इतकाही वेळ पकडणाऱ्यांनी दिला नाही. लॅटिन अमेरिकेत त्याआधी दोन्ही प्रकार घडले होते. १९६९ मध्ये ब्राझीलमध्ये अमेरिकी राजदूत एल्ब्रिक यांच्या बदल्यात १५ कैदी सोडले गेले आणि राजदूत जिवंत परतले. पुढच्याच वर्षी ग्वाटेमालात पश्चिम जर्मनीचे राजदूत कार्ल फोन श्प्रेटी यांच्यासाठी तिथल्या सरकारने सौदा नाकारला, तर त्यांना ठार केलं गेलं. म्हणजे सौदा केल्यावर माणूस वाचतो, हे खरं आहे. आणि सौदा झाला की दुसरा राजदूत उचलला जातो, हेही तितकंच खरं आहे. भारताचा नकार मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. ज्या घरातला माणूस गेला त्या घरासमोर उभं राहून हे वाक्य मला उच्चारता येणार नाही, हेही सांगून टाकतो.

फाशीबद्दल माझं मत वेगळं आहे. भटला १९६६ मध्ये गुप्तचर विभागाचे अधिकारी अमर चंद यांच्या खुनाबद्दल १९६८ मध्ये श्रीनगरमध्ये फाशीची शिक्षा झाली होती. तो तुरुंग फोडून सीमेपार पळाला, १९७६ मध्ये परत आला आणि पुन्हा पकडला गेला. पुढे वर्षानुवर्षं तो कोठडीत होता. म्हात्र्यांचा मृतदेह सापडला ५ फेब्रुवारीला. राष्ट्रपती झैलसिंग यांनी दयेचा अर्ज फेटाळला आणि शनिवारी, ११ फेब्रुवारीला तिहारमध्ये भटला फाशी दिली गेली. मृतदेह तुरुंगाच्या आवारातच पुरला.

शिक्षा न्यायालयाने आधीच दिली होती, हे मान्य. पण वर्षानुवर्षं न हललेली फाईल सहा दिवसांत निकाली निघते, तेव्हा लोक तिला न्याय म्हणत नाहीत, सूड म्हणतात. झालंही तसंच. काश्मीर खोऱ्यात ११ फेब्रुवारी हा दिवस पाळला जाऊ लागला. ज्यांनी भटला शिक्षा सुनावली होती ते न्यायाधीश नीलकंठ गंजू यांना ४ नोव्हेंबर १९८९ रोजी श्रीनगरच्या भर बाजारात गोळ्या घातल्या. पुढच्याच महिन्यात केंद्रीय गृहमंत्री मुफ्ती मोहम्मद सईद यांच्या मुलीला पळवलं गेलं, त्याच फ्रंटकडून. या वेळी सरकारने पाच कैदी सोडले आणि मुलगी घरी आली. पासपोर्टची कामं बघणाऱ्या अधिकाऱ्यासाठी जे झालं नाही ते मंत्र्याच्या मुलीसाठी झालं, असं तेव्हा आमच्या न्यूजरूममध्ये एकजण मोठ्याने म्हणाला. कोणी काही बोललं नाही. म्हात्र्यांच्या वेळचे दोन दिवस आणि त्या मुलीच्या वेळचे पाच दिवस यांतला फरक मोठा आहे, सरकारंही वेगळी होती, सगळं ठाऊक आहे. तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आणखी एक झालं, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचाच आहे. फाशीने म्हात्र्यांचं नाव झाकलं गेलं. पुढे जेव्हा जेव्हा ही घटना छापून आली, मथळा भटचा होता आणि म्हात्रे ‘ज्या अधिकाऱ्याच्या हत्येनंतर’ एवढ्यापुरते उरले. मीही अशा बातम्या लिहिल्या आहेत.

प्रश्न : आपला अधिकारी ब्रिटनच्या भूमीवर मारला गेला. ब्रिटनवर काही जबाबदारी येत नाही का?
– कायद्याचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : येते. राजदूतांसाठी १९६१ चा आणि वाणिज्यदूतांसाठी १९६३ चा, असे दोन्ही व्हिएन्ना करार हेच सांगतात की, यजमान देशाने त्यांच्या जिवाला धक्का लागू नये म्हणून योग्य ती सर्व खबरदारी घ्यायची. शिवाय संयुक्त राष्ट्रांचा १९७३ चा करार आहे. त्याचा गाभा एका वाक्याचा : मारेकरी तुमच्या देशात सापडला तर त्याच्यावर खटला चालवा, नाहीतर मागणाऱ्या देशाच्या हवाली करा, आसरा देऊ नका. ब्रिटनने त्यासाठी १९७८ मध्ये कायदाही केला होता. खटला तिथेच चालला. १९८५ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. एक संशयित वीस वर्षांनी अमेरिकेत सापडला, त्याला ब्रिटनला आणून खटला चालवला, आणि ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. अमानुल्ला खान यांना १९८५ मध्ये अटक झाली आणि १९८६ मध्ये ब्रिटनने त्यांना पाकिस्तानात पाठवून दिलं. तिथून त्यांनी पुढे काय केलं ते १९८८ नंतरच्या सशस्त्र बंडात काश्मीरने भोगलं. धोंडा आपल्या अंगणातून उचलून शेजाऱ्याच्या दारात टाकावा, तसा हा प्रकार झाला, असं माझं मत आहे.

संबंध तुटले नाहीत. तुमच्या भूमीवर भारतविरोधी गट मोकाट आहेत, ही दिल्लीची तक्रार मात्र त्या फेब्रुवारीपासून धारदार झाली. पंजाबच्या प्रश्नाने ती आणखी वाढवली आणि १९९२ मध्ये दोन्ही देशांत प्रत्यार्पण करार झाला.

त्याच वर्षाचं दुसरं टोक आपल्या मुंबईत आहे, ते फार थोड्यांना आठवतं. २७ नोव्हेंबर १९८४ च्या सकाळी पश्चिम भारतासाठीचे ब्रिटिश उपउच्चायुक्त पर्सी नॉरिस गाडीने ऑफिसला निघाले होते. वाटेत दोघांनी गाडीवर गोळ्या झाडल्या आणि नॉरिस गेले. अबू निदालच्या पॅलेस्टिनी गटाशी जोडलेल्या संघटनेने जबाबदारी घेतली. आदल्याच संध्याकाळी नॉरिस यांनी डेव्हिड गॉवरच्या इंग्लंड संघाला घरी बोलावलं होतं. हा तोच संघ, जो महिन्याभरापूर्वी इंदिरा गांधींच्या हत्येमुळे काही दिवस श्रीलंकेला जाऊन आला होता. खेळाडूंना परत जायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी वानखेडेवर कसोटी सुरू झाली. शिवरामकृष्णनने १२ बळी घेतले, भारत ८ गडी राखून जिंकला, आणि पहिल्या पानावर विजय आला. फेब्रुवारीत आपण ज्यांना विचारत होतो की आमच्या माणसाला सांभाळता आलं नाही का, त्यांचा माणूस नोव्हेंबरात आपल्या रस्त्यावर पडला होता. त्या रात्रीही मी पाळीवर होतो. या वेळी बातमी वेळेवर आली होती.

प्रश्न : ‘वकिलात’ हा शब्द तुम्ही वापरता. वकिलाचा काय संबंध?
– गृहिणी, चिपळूण

उत्तर : पेशवाईत परदरबारी असलेल्या दूताला वकील म्हणत, म्हणून दूतावासाला वकिलात. असाच एक वकील, बडोद्याच्या गायकवाडांचे गंगाधरशास्त्री पटवर्धन, इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात मारले गेले. खुनाचा आळ पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला; इंग्रजांनी त्यांना मागितलं, ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, ते निसटले, आणि तीन वर्षांत पेशवाई संपली. त्यावर सविस्तर पुढच्या अंकात.

दत्तवाडीच्या विद्यार्थिनीला एक विनंती. आजोबांना विचारा, १९८४ च्या त्या सोमवारी त्यांनी कोणता पेपर वाचला होता. माझा असेल, तर मला कळवा.