वाचकांचे प्रश्न : कृष्णेच्या पाण्यात खतांचा वाटा किती, आणि तो मोजायचा कोणी?

प्रश्न : आमची शेती शिरोळ तालुक्यात, पंचगंगा आणि कृष्णा यांच्या संगमाजवळ आहे. उन्हाळ्यात नदीत जलपर्णी माजली किंवा मासे मेले, की शहरातील लोक उसाच्या खतांना दोष देतात आणि आम्ही वरच्या गावांच्या व शहरांच्या सांडपाण्याला. पाणी तपासून खरे काय ते ठरवता येते का?
– एक ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

उत्तर : ठरवता येते, मात्र एखाद्या दिवशी बाटली भरून प्रयोगशाळेत दिल्याने ते ठरत नाही. प्रयोगशाळा एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेले नत्राचे एक रूप, आहे एवढेच सांगते. नदीतून एकूण किती नत्र वाहून गेले हे कळण्यासाठी त्याच वेळचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहत होते, हेही ठाऊक असावे लागते. सेकंदाला एक घनमीटर वाहणाऱ्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम नत्र असेल, तर दिवसाला ८६.४ किलो नत्र पुढे जाते. समजण्यासाठी असे धरू, की मे महिन्यात विसर्ग ५ घनमीटर आणि नत्र लिटरमागे ४ मिलिग्रॅम आहे. दिवसाचा हिशेब १,७२८ किलो होईल. जुलैमध्ये विसर्ग ५०० घनमीटर आणि नत्र २ मिलिग्रॅम असेल, तर तो ८६,४०० किलोंवर जाईल. नुसता अहवाल वाचणाऱ्याला मे महिन्यातील पाणी दुप्पट वाईट वाटेल, पण खालच्या धरणाकडे रोज जाणारे नत्र जुलैत पन्नासपट असेल. आपल्याकडच्या वादात दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा महिना पुढे करतात, याचे मला फार वाईट वाटते.

विसर्ग आणि तीव्रता, म्हणजे लिटरमागचे प्रमाण, यांची जोडी वर्षभर नोंदवली, की नदी स्वतःच बरेचसे उत्तर देते. सांडपाणी दररोज जवळजवळ सारखेच येते. त्यामुळे नदी आटली की त्याची तीव्रता वाढते आणि पाणी वाढले की ते विरळ होते. शेतातील नत्राचे याच्या उलट असते, कारण पाऊस पडून पाणी मुरले किंवा शेतातून वाहिले तरच ते नदीला मिळते. विसर्ग वाढत असताना नायट्रेटची तीव्रताही वाढत असेल, तर त्यात शेतीचा हात आहे असे मानायला आधार मिळतो. याच्या जोडीला अमोनिया आणि विष्ठाजन्य जीवाणू तपासावेत. ते भरपूर असतील तर मैलापाणी जवळूनच मिसळते आहे असे समजावे. त्याहून बारीक शहानिशा हवी असल्यास नत्राच्या समस्थानिकांची, म्हणजे त्याच्या हलक्या व जड रूपांची, चाचणी असते. मैला आणि शेण यांच्यातून आलेल्या नायट्रेटमध्ये नत्राचे जड रूप रासायनिक खतापेक्षा सामान्यतः अधिक आढळते.

मासे मरण्याचे कारण बहुतेक वेळा पाण्यातील विरघळलेला प्राणवायू संपणे हे असते, आणि उन्हाळ्यातील तुटपुंज्या प्रवाहात तो संपवण्याचे काम मुख्यतः मैलापाणी व कारखान्यांचे सेंद्रिय सांडपाणी करते. त्यामुळे मे महिन्यातील मेलेल्या माशांचे खापर थेट युरियावर फोडणे अन्यायाचे आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. जलपर्णीचे तसे नाही. तिला नत्र आणि स्फुरद लागते, ते कोठूनही आलेले तिला चालते, आणि पावसाळ्यात मातीच्या कणांबरोबर आलेले स्फुरद बंधाऱ्यांमागच्या गाळात साठून पुढे हळूहळू पाण्यात सुटत राहते.

तुमच्या तालुक्यापुरती आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, आणि ती सहसा कोणी मोजत नाही. क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी शेताखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला जातो. जमीन पुन्हा पिकाखाली यावी यासाठी ते काम आवश्यकच आहे. पण त्या पाइपांतून नाल्यात उतरणारे पाणी क्षार आणि न वापरले गेलेले नायट्रेट घेऊन नदीला मिळते, आणि उसाला पाणी चालू असेपर्यंत ते कोरड्या महिन्यांतही येत राहते. म्हणजे ‘शेतीचे नत्र पावसातच येते’ हा वर सांगितलेला नियम येथे अपुरा पडतो. म्हणून निचऱ्याच्या नाल्याचे तोंड हे स्वतंत्र तपासणी केंद्र धरून तेथील विद्युतवाहकता (तिच्यावरून क्षारांचा अंदाज येतो), नायट्रेट आणि विसर्ग दर पंधरवड्याला नोंदवावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आडसाली उसासाठी शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे युरियाची ४५ किलोंची सुमारे एकोणीस पोती, आणि तीही लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार हप्त्यांत विभागून देण्याची आहे. आडसाली लागण ऐन पावसाळ्यात होत असल्याने सुरुवातीचा हप्ता मुसळधार पावसाच्या तोंडावर दिला गेला, तर त्यातला मोठा भाग पिकाला मिळतच नाही. खत टाकल्याच्या तारखा गावात लिहून ठेवल्या, तर नाल्यावरच्या नोंदींचा अर्थ पुष्कळ उलगडेल.

प्रश्न : कृष्णा महाराष्ट्रातून आमच्याकडे येते. दोन्ही राज्यांचे अहवाल पाहिले तर आकडे जुळत नाहीत. एकत्र मोजणी करणारी यंत्रणा का नाही?
– एक वाचक, चिक्कोडी तालुका, जिल्हा बेळगाव

उत्तर : आकडे न जुळण्यामागे दर वेळी लबाडीच असते असे नाही. एकाने सकाळी सातला आणि दुसऱ्याने दुपारी तीनला नमुना घेतला, तर शेवाळ असलेल्या पाण्यात प्राणवायूचे आकडे वेगळे येणारच, कारण ऊन असताना शेवाळ प्राणवायू सोडते आणि रात्री तो वापरते. नृसिंहवाडीच्या संगमाखाली दोन नद्यांचे पाणी लगेच एकजीव होत नसल्याने एका काठाचा नमुना दुसऱ्या काठाशी जुळेलच असे नाही. आणि एक साधी गफलत फार वारंवार होते : काही अहवाल ‘नायट्रेट’ लिहितात, काही ‘नायट्रेटमधील नत्र’. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातील मर्यादा ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची आहे. तीच नत्रात मांडली तर जेमतेम १० मिलिग्रॅम भरते. एकक न पाहता तुलना केली, तर कर्नाटकात शिरताना नदी चौपट सुधारली किंवा बिघडली असेही दिसू शकते.

यंत्रणेविषयी म्हणायचे तर राज्यांमधील पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ साली कृष्णेचे २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाटून दिले, आणि त्यानंतरचे भांडणही मुख्यतः पाणी किती यावरच चालले; ते कसे असावे यावर नव्हे. कायद्याने दार बंद केलेले नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या तेराव्या कलमात शेजारच्या राज्यांना करार करून संयुक्त मंडळ नेमता येते. २०१४ सालच्या आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्याने आलेले कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ मात्र तेलंगण आणि आंध्र प्रदेश यांच्यापुरते आहे. महाराष्ट्र व कर्नाटक त्यात नाहीत.

जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या सीमेवर ऱ्हाईन नदीच्या एका काठाला बिमेन आणि समोरच्या काठाला लोबित अशी तपासणी केंद्रे आहेत, आणि दोन्ही देश तेथील काम एकत्रितपणे करतात. डॅन्यूबच्या खोऱ्यातील देशांचे सामाईक तपासणी जाळे १९९६ पासून चालू आहे. आपल्याकडे संयुक्त मंडळाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शिरोळ तालुक्यातील राजापूर बंधाऱ्यावर महिन्यातून एकदा दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या तज्ज्ञांनी एकाच वेळी, एकाच नावेतून पाणी घ्यावे, ते दोन बाटल्यांत वाटून आपापल्या प्रयोगशाळेत तपासावे आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी छापावेत. विसर्गासाठी केंद्रीय जल आयोगाचे कुरुंदवाड येथील केंद्र वरच्या बाजूला जवळच आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन कार्यालयांनी एकमेकांना पत्र लिहिले तरी पुरे.

प्रश्न : आमची शाळा उजनी धरणाच्या फुगवट्याजवळ आहे. विद्यार्थ्यांनी कमी खर्चात काय मोजावे?
– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांत रंगवलेली तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहावी, शेवाळ वाढले की ही खोली घटते. सोबत तापमान, विद्युतवाहकता आणि नायट्रेटची पट्टी एवढे पुरे. जागा, वार आणि वेळ बदलू नये, आणि त्या आठवड्याचा पाऊस व धरणाची पाणीपातळी त्याच वहीत लिहावी. पट्टीवरून पाणी पिण्यायोग्य ठरवू नये. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. पाण्यावर हिरवी साय दिसत असेल त्या दिवशी मुलांना पाण्यात उतरू देऊ नये, कारण अशा शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. तबकडी काठावरून किंवा नावेतूनच सोडावी. पट्ट्यांची डबी उघडल्यावर त्यांना दमट हवा लागून रंग चुकीचा येतो, म्हणून झाकण लगेच घट्ट लावावे आणि डबीवरची मुदत दर वेळी पाहावी.