ऑक्टोबरात स्की करायला निघालात?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातली अरापाहो बेसिन, कीस्टोन, लव्हलँड ही रिसॉर्ट्स ऑक्टोबरातच उघडायची धडपड करतात. 'सुरू झालं' हे वाचून लगेच तिकीट काढू नका. आधी किती उतार उघडलेत ते बघा. बहुतेकदा एक-दोनच असतात, आणि सगळी गर्दी त्याच अरुंद पांढऱ्या पट्ट्यावर. नवशिक्यासाठी हे वाईटच, कारण मागून सुसाट येणारे तुमच्यासाठी थांबत नाहीत. शिवाय उघडलेला उतार सोपाच असेल असंही नाही.

हा बर्फ बहुतांशी स्नो गनचा, म्हणजे बर्फ तयार करणाऱ्या यंत्राचा असतो. पाण्याचे बारीक थेंब हवेत फवारतात आणि ते खाली पडेपर्यंत गोठतात. त्यासाठी नुसती थंडी पुरत नाही, हवा कोरडीही लागते. म्हणून तिथली माणसं साधं तापमान न बघता वेट-बल्ब तापमान, म्हणजे हवेतली आर्द्रता धरून काढलेलं तापमान, बघतात. ते साधारण उणे २ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की काम सुरू होतं. कोरड्या हवेत पारा शून्याच्या किंचित वर असतानाही जमून जातं. तुम्हीही अंदाज बघताना आर्द्रता बघा. लागोपाठ थंड, कोरड्या रात्री गेल्या असतील तर थर बरा मिळेल.

हे कण आभाळातून पडणाऱ्या हिमासारखे षटकोनी पाकळ्यांचे नसतात, बर्फाचे बारीक गोळेच असतात. थर घट्ट बसतो, सकाळी टणक लागतो, पडलात तर चांगलंच शेकतं. हेल्मेट हवंच, स्कीच्या कडांना धार लावून घ्या. पट्ट्याच्या काठाबाहेर मात्र जाऊ नका, तिथे दगड उघडे असतात. खरं सांगायचं तर अगदीच पहिली वेळ असेल तर डिसेंबरपर्यंत थांबा.