‘मला काही सुचतच नाही, माझं डोकंच तसलं नाही’

“मॅडम, मी कष्टाला कमी पडत नाही. पण क्रिएटिव्ह असणं उपजतच असावं लागतं. माझ्यात ते नाही.”

असं सांगणारी माणसं माझ्याकडे नेहमी येतात. विद्यार्थी येतात, शिक्षक येतात, चांगल्या हुद्द्यावरची माणसंही येतात. त्यातल्या एकांबद्दल इथे लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय पंचेचाळिशीचं, एका कंपनीच्या गोदामाचे व्यवस्थापक. उभी नोकरी त्याच कामात गेलेली. नवे वरिष्ठ आले आणि दर बैठकीत ‘जरा वेगळा विचार करा’ म्हणू लागले. हाताखालची तरुण मुलं भराभर काहीबाही मांडायची, यांना मात्र शब्द फुटेना. बैठकीच्या आदल्या रात्री झोप उडायची. भरीस भर म्हणून इंटरनेटवरच्या कुठल्याशा चाचणीने त्यांना ‘डाव्या मेंदूचे’, म्हणजे हिशेबी पण कल्पकता नसलेले, ठरवलं होतं.

तो शिक्का आधी पुसायला हवा होता. मेंदूच्या दोन अर्धगोलांची काही कामं वेगळी आहेत हे खरं. भाषेचा बराचसा भार बहुतेकांत डावी बाजू उचलते. पण त्यावरून माणसांची ‘डावी’ आणि ‘उजवी’ अशी वाटणी होत नाही. नवं सुचायला दोन्ही बाजू लागतात.

मग मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. तीन भांडी आहेत, २१, १२७ आणि ३ मापांची. त्यांच्या मदतीने बरोबर १०० मापं पाणी मोजायचं. थोडा विचार करून त्यांनी लिहिलं: १२७ मधून २१ काढा, मग दोनदा ३ काढा. पुढची उदाहरणंही त्याच रीतीने सुटणारी होती. त्यांचा हात भरभर चालू लागला. मग आलं २३, ४९ आणि ३; मोजायचे २०. त्यांनी क्षणाचाही विचार न करता ४९ वजा २३ वजा ३ वजा ३ लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“आणखी एखादी रीत दिसते का?”

ते बघत राहिले. मग एकदम म्हणाले, “अरे, तेविसातून तीन काढले की झालं!” आणि लगेच चेहरा पडला. “बघा ना, एवढंही दिसलं नाही मला.”

या वाक्यासाठीच मी ते कोडं देते. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये अशाच कोड्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी आधीची उदाहरणं लांबच्या रीतीने सोडवली होती, त्यांच्यातल्या बहुतेकांनी इथेही लांबचाच रस्ता धरला. ज्यांना हे उदाहरण थेट दिलं, त्यांना सोपी रीत सहज दिसली. म्हणजे आड आली ती आधी मिळालेली यशं. घड्याळ लावून घाई केली की हा पगडा आणखी घट्ट होतो, हेही लुचिन्स यांना आढळलं.

“म्हणजे अनुभव वाईट?” त्यांनी विचारलं. मुळीच नाही. अनुभवामुळेच रोजची शंभर कामं डोकं न शिणवता उरकतात. मळलेल्या वाटेवरून पाय आपोआप चालतात, तसं ते आहे. फक्त वाट चुकीच्या गावाला जात असेल, तर ते उशिरा कळतं.

वरिष्ठांचा दबाव, सर्वांदेखत उत्तर देण्याची वेळ, हेही नडत होतं. मानसशास्त्रज्ञ सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये एक कोडं लोकांना दिलं. मेणबत्ती, खिळ्यांनी भरलेली डबी आणि काड्यापेटी देऊन मेणबत्ती भिंतीवर बसवायची. डबी रिकामी करून तीच भिंतीला ठोकायची, हे उत्तर. पण डबी म्हणजे खिळे ठेवायची वस्तू, हे मनात पक्कं बसलेलं असतं. लवकर सोडवल्यास पैसे मिळतील असं ज्यांना सांगितलं, त्यांना उलट जास्त वेळ लागला.

मग आम्ही त्यांच्या खऱ्या प्रश्नाकडे वळलो. काचेच्या बाटल्या ग्राहकाकडे पोहोचेपर्यंत फुटत होत्या. त्यांचा दरवेळचा उपाय एकच, पॅकिंग आणखी जाड. पूर्वी तो लागू पडला होता. मला गोदामातलं काही कळत नाही, पण मी म्हटलं, “‘पॅकिंग’ हा शब्द न वापरता अडचण लिहा.” बराच वेळ पेन थांबलं. शेवटी लिहिलं, ‘बाटल्या फुटतात.’

“कुठे? कोणाच्या हातात असताना?”

“माहीत नाही.”

पुढच्या भेटीपर्यंत एवढंच शोधायचं ठरलं. ते ड्रायव्हरांशी बोलले, माल उतरवणाऱ्यांशी बोलले. फूट प्रवासात फार नव्हतीच. शेवटच्या ठिकाणी माल उतरवताना खोका धरायला काही नसे, मग तो ओढला जाई, हातून सुटे. उपाय सुचला तो दोन दिवसांनी, कपड्यांना इस्त्री करताना. खोक्याला दोन्ही बाजूंनी हात घालायला खाचा, आणि खोका लहान.

याचं त्यांना फार नवल वाटलं. ब्रिटिश विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्येच सांगितलं होतं, की नवं सुचताना तयारीनंतर प्रश्न बाजूला ठेवण्याचा एक टप्पा असतो. पुढे अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यातही अशा विश्रांतीचा फायदा दिसला. पण ‘निवांत बसा, आपोआप सुचेल’ हा सल्ला मला पटत नाही. आधी ते चार माणसांशी बोलले होते, म्हणून इस्त्री करताना सुचलं.

बैठकीसाठी त्यांनी वरिष्ठांकडे एकच मागणी केली: विषय आदल्या दिवशी कळवा, आणि प्रत्येकाने आपले विचार आधी एकट्याने लिहून आणावेत. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी एकत्र बसून विचार करणारे गट आणि वेगवेगळी बसवलेली तेवढीच माणसं यांची तुलना केली. वेगवेगळ्या बसलेल्यांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरली. वरिष्ठांनी मान्य केलं.

एक गोष्ट मी पहिल्याच भेटीत तपासली होती. काही सुचत नाही याच्या जोडीला दोन-दोन आठवडे मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे कोडी घालून भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. यांचं तसं नव्हतं. बैठकीची धास्ती कमी झाली तशी झोप परत आली.

खाचा मंजूर झाल्या. लहान खोका खर्चामुळे नामंजूर झाला, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं. परवा फोनवर तेच सांगत होते. खर्चाचा हिशेब पुन्हा मांडून पुढच्या बैठकीत तो विषय परत काढणार आहेत.