दीर्घ श्वासाआधीचा ईईजी सिग्नल दिसत का नाही?

१२ दीर्घ श्वास घेतले, फिल्टर १ ते ४० हर्ट्झचा ठेवला (म्हणजे त्याहून संथ आणि वेगवान लहरी गाळल्या) आणि श्वासाआधी ईईजीत, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीत, काहीच दिसलं नाही, मग मेंदूचा यात सहभाग नसतोच का, असं तुम्ही विचारलंय. सहभाग नक्कीच असतो. तुमच्या मांडणीत तो दिसायला जागाच उरलेली नाही.

एरवीचा श्वास मस्तिष्कस्तंभातून चालतो. आपण ठरवून श्वास घेतो तेव्हा मात्र मेंदूच्या बाह्यकातला हालचालींची आखणी करणारा भाग आधीच कामाला लागतो. १९६५ साली कॉर्नह्यूबर आणि डीके या संशोधकांनी हाताच्या ऐच्छिक हालचालीआधी ऋण बाजूला हळूहळू सरकणारा विभव (विद्युत दाब) दाखवला होता. ठरवून घेतलेल्या श्वासाआधीही तसाच चढ मिळतो. डोक्याच्या मध्यावर, म्हणजे सीझेड या इलेक्ट्रोडच्या आसपास, तो सर्वांत स्पष्ट असतो आणि साधारण एक-दीड सेकंद आधी सुरू होतो.

इतका संथ चढ १ हर्ट्झचा फिल्टर पुसून टाकतो, कारण त्या फिल्टरचा कालस्थिरांक, म्हणजे संथ बदल तो किती वेळ टिकू देतो याचं माप, जेमतेम ०.१६ सेकंद आहे. खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झवर आणलीत तर कालस्थिरांक ३.२ सेकंद होतो आणि चढ शाबूत राहतो. मग घामामुळे बेसलाइन, म्हणजे नोंदीची मूळ पातळी, वाहू लागेल, पण ते सोसावं लागतं.

आता संख्या. हा चढ काही मायक्रोव्होल्टचाच असतो. पार्श्वभूमीचा ईईजी २० मायक्रोव्होल्ट धरला, तर १२ श्वासांच्या सरासरीत गोंगाट सहा मायक्रोव्होल्टच्या आसपास उरतो आणि ८० श्वासांत सव्वादोनवर येतो. म्हणून निदान ८० स्वच्छ तुकडे, म्हणजे एकेका श्वासाभोवतीच्या नोंदी, हवेतच. पण ते सलग घेऊ नका. लागोपाठ खोल श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते आणि ईईजीत संथ लहरी वाढतात, नेमक्या तुम्ही शोधताय त्याच पट्ट्यात. दोन ऐच्छिक श्वासांमध्ये काही साधे श्वास जाऊ द्या. बीप वाजवून इशारा देऊ नका, नाहीतर आवाजाला मिळालेला प्रतिसाद आणि पुढच्या बीपची वाट पाहणंच नोंदलं जाईल.

माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत शून्य क्षण, म्हणजे श्वास नेमका सुरू होण्याचा क्षण, ठरवण्यावर घ्यावी. नाकाखालचा तापमान सेन्सर उशिरा प्रतिसाद देतो, आणि हा उशीर प्रत्येक श्वासाला वेगळा असला की सरासरीत चढ विरघळून जातो. हवेच्या प्रवाहाचा मापक किंवा मानेतल्या, श्वास घेताना काम करणाऱ्या स्केलीन स्नायूचा ईएमजी (स्नायूची विद्युत नोंद) घ्या. झटकन घेतलेला छोटा, जोरकस श्वास इथे उपयोगी पडतो, कारण त्याची सुरुवात धारदार असते.

आणि त्याच व्यक्तीच्या साध्या श्वसनाची नोंद शून्य क्षण त्याच पद्धतीने ठरवून, तितक्याच तुकड्यांची घ्या. तिथेही तसाच चढ निघाला, तर आधी डोळे, जीभ आणि मान यांच्या हालचालींवर संशय घ्या. श्वास मोजायला तोंडात धरलेली मुखनळी अरुंद असेल तर तीही तपासा. श्वास घेताना अडथळा आला की न ठरवताही बाह्यक मदतीला येतं, आणि मग तुलनेसाठी घेतलेली साधी नोंद साधी राहत नाही. नळी रुंद घ्या, दोन्ही नोंदींत तीच ठेवा आणि सरासरी काढण्याआधी प्रत्येक तुकडा स्वतः पाहून मगच स्वीकारा.