घराचा मेन कॉक, म्हणजे घरातलं सगळं पाणी बंद करणारा कॉक, कुठे असतो आणि तो जाम होऊ नये म्हणून काय करायचं?
पाणी घरात शिरतं तिथून शोधा, म्हणजे मीटरच्या पुढे नाहीतर टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवर, सापडला की बंद करून सिंकचा नळ सोडून बघा, धार बारीक होत थांबली की तोच. दांडीवाला असेल तर दांडी पाइपला आडवी म्हणजे बंद, गोल चाकाचा असेल तर बरेच फेरे लागतात. आणि प्लीज, सहा महिन्यांतून एकदा तरी तो फिरवत जा, वर्षानुवर्षं हात न लावलेला कॉक क्षार धरून बसतो आणि नेमका पाइप फुटल्यावर हलत नाही! पान्याने जबरदस्ती नको, स्पिंडल, म्हणजे कॉकच्या आतला फिरणारा दांडा, तुटतो. चाकवाला पूर्ण उघडला की पाव फेरा मागे घ्या. चाकाखाली थेंब दिसला तर तिथला नट किंचित आवळा, बहुतेकदा तेवढ्याने थांबतं.