मुंबईत घरातून दहावी गणिताचा ऑनलाइन क्लास काढायचाय. आधी सगळं शिकून घेऊ, की करता करता शिकू?

करता करताच शिका. विषय मात्र आधीच पक्का हवा. राज्य मंडळाची गणिताची दोन्ही पुस्तकं सरावसंचांसकट स्वतः सोडवून ठेवा, तिथे मुलांवर प्रयोग नकोत.

पहिली बॅच चार-पाच जणांची घ्या. महिनाभर फी कमी ठेवा आणि बदल्यात पालकांकडून दर रविवारी खरं मत मागा. वेबसाइट, लोगो, ॲप यांत आत्ता एक रुपयाही घालू नका.

सगळ्यात आधी अडेल ती वेळ. अनेक घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो संध्याकाळी आई किंवा बाबांबरोबर लोकलमध्ये असतो. त्यामुळे सहाची बॅच ठरवण्याआधी प्रत्येक घरी विचारा. कित्येकांना रात्री नऊच सोयीचे पडतात. झूमवर फुकटात ४० मिनिटं मिळतात. मला ती पुरेशी वाटतात: २५ मिनिटं शिकवा, उरलेल्या वेळात मुलांना वहीचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायला सांगा. ‘समजलं का?’ला सगळी ‘हो’च म्हणतात, पण कुठली पायरी चुकली ते वहीत दिसतं. पुढचा तास त्यावरूनच आखा. शिकवणं खरं इथेच सुधारतं.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद) सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. फी यूपीआयने घ्या आणि त्यासाठी बँकेत वेगळं खातं ठेवा, आयकर विवरणपत्र भरताना शोधाशोध होणार नाही.