तुझ्या वहीतली नावं

बाळ,

परवा तू सौंदर्यस्पर्धेचा फॉर्म माझ्याकडे विसरून गेलीस की मुद्दाम ठेवून गेलीस, ते मला अजून कळलेलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर मी तो वाचला. पहिल्या पानावर उंची, वजन, शिक्षण, छंद. ते ठीक आहे. दुसऱ्या पानावर ‘आपलं सामाजिक उद्दिष्ट शंभर शब्दांत लिहा’ असा रकाना आहे आणि तिथे तू तीनदा लिहून तीनदा खोडलंयस. आधी महिला सक्षमीकरण, मग पर्यावरण जागृती, मग मासिक पाळीतली स्वच्छता. खोडलेलं मला सहज वाचता आलं, कारण तिन्ही वेळा वाक्यं तीच होती, विषय तेवढा बदलला होता.

तू हुशार आहेस, सुरेख आहेस, रॅम्पवर तुझी मान कशी ताठ राहते हे मी पाहिलंय. त्यात मी कागद घालवत नाही. मला एकच विचारायचंय आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा विचारणार आहे. कोणाचं? सक्षमीकरण कोणाचं? जागृती कोणाची? नाव सांग. ज्याच्या घरात तू चप्पल काढून आत गेली आहेस अशा एका तरी माणसाचं नाव सांग.

आणि तुझ्याकडे नावं आहेत! अख्खी वही आहे.

पूर ओसरल्यावर महिन्याभराने तू ती मला दाखवली होतीस. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, खालचा कोपरा फुगून भाकरीसारखा झालेला. बॉलपेनने लिहिलेलं टिकलं होतं, जेल पेनची नावं मात्र जांभळी होऊन पसरली होती आणि त्यांच्यावर तू पेन्सिलीने पुन्हा लिहिलं होतंस. चार रकाने: फ्लॅट नंबर, माणूस, औषध, किती दिवस पुरेल. शेवटच्या रकान्यात एका ठिकाणी ‘2 दिवस’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्यास. 2024 चा ऑगस्ट. आपल्या बडोद्यातल्या विश्वामित्रीची धोक्याची पातळी 25 फूट आणि नदी 35 च्या वर गेलेली. तुमचा तळमजला पाण्यात, लाइट नाही, पार्किंगमध्ये मगर दिसल्याची आरडाओरड, आणि तू टॉर्च तोंडात धरून जिन्यात बसून ही यादी करत होतीस. समोरच्या विंगमधल्या आजींचं इन्सुलिन फ्रिज बंद पडल्यावर कुठे ठेवायचं, म्हणून तू त्यांच्या डॉक्टरांना फोन लावलास, कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घातलीस आणि डबी पाणी भरलेल्या माठात सोडलीस. माठाला ओलं फडकं गुंडाळलंस आणि ते वाळू नये म्हणून तासातासाला तीन जिने चढलीस. हे तू मला पोहे खाता खाता सांगितलंस, जसं कोणी बसचा उशीर सांगतं.

त्यावर मी विचारलं, हे फॉर्मवर का नाही? तर म्हणालीस, “मावशी, ते काय सोशल वर्क थोडंच आहे? ती तर आमच्याच बिल्डिंगमधली माणसं.”

त्या वाक्याचा मला इतका राग आला की मी चहाचं भांडं घेऊन आत गेले. अगं, आमच्याच बिल्डिंगमधली म्हणूनच! तुला त्यांची नावं येतात, म्हणूनच. दूरच्या, न पाहिलेल्या माणसांसाठी हळहळणं सोपं असतं. ती परत येऊन काही विचारत नाहीत. आजी विचारतात. अजून विचारतात, मला माहीत आहे.

दुसरी एक गोष्ट खटकली. ‘बडोद्यासारख्या छोट्या शहरातून आलेली मी’ असं तू सुरुवातीला लिहिलंयस. हे कोणी शिकवलं? सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा देशात इतर ठिकाणी त्यावर नुसती भाषणं चालली होती. 1927 साली पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली तेव्हा अध्यक्षस्थानी आपल्या चिमणाबाई महाराणी होत्या. तू ज्या विद्यापीठात जातेस ते त्याच महाराजांच्या नावाचं. माझी आजी सहीच्या जागी अंगठा न लावता नाव लिहायची, ते इथे जन्मली म्हणून. परीक्षकांना कीव यावी म्हणून शहर लहान करू नकोस. ते वाक्य काढ.

आता माझं सांगते. हे मी आजवर माझ्याकडे स्पर्धेच्या तयारीला येणाऱ्या कुठल्याही मुलीला पूर्ण सांगितलेलं नाही.

1995 साल. आदल्या वर्षी सुष्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाल्या होत्या आणि आमच्याकडे स्पर्धांचं पेव फुटलं होतं. मी बावीस वर्षांची. दांडिया बाजारात आमच्या दोन खोल्या, आणि आई डबे करायची. चाळीस डबे. पहाटे चारला परातीत कणीक. तिच्या उजव्या मनगटावर तव्याच्या चटक्यांची ओळ होती, जुन्या पांढऱ्या, नव्या तांबड्या. स्पर्धेच्या संध्याकाळी ती डबे संपवून धावत हॉलवर आली, एकुलती एक रेशमी साडी नेसून, तिसऱ्या रांगेत बसली. निवेदकाने मला विचारलं, आई काय करतात? मी म्हणाले, “हाउसवाइफ आहे.” माझ्या शेजारी एका डॉक्टरांची मुलगी उभी होती आणि पलीकडे कारखानदाराची. डबे हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही.

मग दुसरा प्रश्न, समाजासाठी काय करायचंय. मी पाठ केलेलं म्हटलं: मदर तेरेसांसारखं गरिबांसाठी. टाळ्या झाल्या. आमच्याकडे तेव्हा दोन मुलं जेवत होती, विद्यापीठात शिकणारी, ज्यांच्याकडून आईने वर्षभर पैसे घेतले नव्हते. दोघांची नावं मला पाठ होती. एकाला वांगं चालायचं नाही हेही पाठ होतं.

माझा दुसरा नंबर आला. सूरसागरच्या काठाने आम्ही चालत घरी आलो. माझ्या हील्स आईने पिशवीत घेतल्या होत्या. तिने एवढंच विचारलं, “पाय दुखतात का?” दुसऱ्या दिवशी पहाटे चारला परातीचा आवाज आला. ती 2011 मध्ये गेली. मधल्या सोळा वर्षांत त्या संध्याकाळचा विषय मी काढला नाही आणि तिनेही काढला नाही.

म्हणून विचारते बाळ, कोणाचं? नाव सांग.

त्याच्या आधीच्याच वर्षी माझ्यासमोर धडा होता आणि मी तो पाहिला नाही. सुष्मिताने पुढे स्वतःच सांगितलं आहे, मिस इंडियाच्या वेळचा तिचा गाऊन सरोजिनी नगर बाजारातल्या कापडाचा होता, पेटीकोट शिवणाऱ्या शिंप्याने शिवलेला, आणि हातमोजे मोजे कापून केलेले. तिने त्या शिंप्याला लपवलं नाही. आणि त्याआधी, 1992 मध्ये, आपली मराठी मुलगी मधू सप्रे बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत होती. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, असं विचारल्यावर तिने खेळाचं मैदान बांधीन असं सांगितलं. ती खेळाडू होती. सोयी नसताना सराव करणं काय असतं ते तिला ठाऊक होतं. तिसरी आली. लोक अजून म्हणतात, गरिबी हटवीन म्हणाली असती तर मुकुट मिळाला असता. म्हणोत. मला आजवर ऐकलेल्या सगळ्या उत्तरांपैकी ते एक उत्तर आठवतं, कारण ते तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं असूच शकत नव्हतं.

तू म्हणशील, मावशी, काळ बदलला. बदलला आहेच. मिस वर्ल्डने 2015 पासून स्विमसूटची फेरी काढून टाकली. मिस युनिव्हर्समध्ये 2023 पासून लग्न झालेल्या आणि मुलं असलेल्या बायकांना उभं राहता येतं, 2024 पासून वयाची वरची अटही गेली. मिस वर्ल्डमधला ‘ब्युटी विथ अ पर्पज’ हा भाग तर 1972 चा आहे, आणि आज त्यात प्रत्येकीला आपलं काम दाखवावं लागतं. पण याचाच परिणाम असा झालाय की प्रत्येक मुलगी स्पर्धेच्या तीन महिने आधी काम शोधायला निघते, जसा गाऊन शोधतात तसं. मानुषी छिल्लर 2017 मध्ये जिंकली तेव्हा ती मेडिकलची विद्यार्थिनी होती, पाळीतल्या स्वच्छतेवर गावांत जाऊन बोलत होती. ते तिला शोभलं, कारण ते तिच्या अभ्यासातून आलेलं होतं. तू तोच विषय उचललास, कारण तो एकदा जिंकला होता. खरं ना? तुझ्या वहीत पाळीचा एक शब्द नाही. रक्तदाब आहे, थायरॉइड आहे, दमा आहे, डायपरचं माप आहे.

मला या गोष्टीची इतकी चीड का, तेही सांगून टाकते. 2003 ते 2009 मी एका ग्रूमिंग क्लाससाठी, म्हणजे मुलींची स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या वर्गासाठी, उत्तरं लिहिली. एका उत्तराचे दीडशे रुपये. महिला सक्षमीकरण, बालमजुरी, पाणी वाचवा. वेगवेगळ्या मुलींसाठी वेगवेगळी, म्हणजे शेवटची दोन वाक्यं वेगळी. घरात एकच पगार होता, मुलाची फी होती, नवऱ्याचं ऑपरेशन झालं होतं. पैसे लागत होते आणि मी ते कष्ट करून मिळवले. त्याबद्दल मला कोणी नावं ठेवली तर मी ऐकून घेणार नाही. पण एका स्पर्धेत माझ्याच उत्तरावर परीक्षकांनी एका मुलीला साधं विचारलं, “तुमच्या या शिवणवर्गात किती जणी येतात?” वर्गच नव्हता. मी लिहिलेला होता तो. मुलीने विंगेत माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांचं पोर, डोळे भरलेले आणि ओठांवरचं हसू तसंच, कारण हसू सोडू नका असंही आम्हीच शिकवलं होतं. त्या महिन्यात मी ते काम सोडलं. तेव्हापासून मी कोणालाही एक वाक्य लिहून दिलेलं नाही. माझ्याकडच्या मुली कमी झाल्या, दोन आयांनी तोंडावर सांगितलं की तुम्ही हट्टी आहात. आहे मी हट्टी. तुझे शंभर शब्द मी लिहून देणार नाही, कितीही लाडीगोडी लाव.

आणि ‘मला स्पर्धेत का यायचं आहे’ याखाली तू ‘आवाज नसलेल्यांचा आवाज होण्यासाठी’ लिहिलंयस. तेही काढ. आजींना आवाज आहे, चांगला खणखणीत आहे, तिसऱ्या मजल्यावरून दूधवाल्याला हाक मारतात. तू मला जिन्यात वेगळंच सांगितलं होतंस. म्हणालीस, दिवे अंगावर पडले की छान वाटतं, सगळे बघतात ते आवडतं, आणि बाबांनी कोणाला तरी अभिमानाने माझा फोटो दाखवावा असं वाटतं. यात लाज कसली? मलाही तसंच वाटायचं. रीता फारिया 1966 मध्ये मिस वर्ल्ड झाली, भारताची पहिली, आणि मग परत जाऊन डॉक्टर झाली. दिव्यांत उभं राहावंसं वाटणं आणि माणसांच्या उपयोगी पडणं एका मुलीत सुखाने राहतं. हे जिन्यात बोललीस तसंच लिही, बाबांसकट.

पैशाचं थोडक्यात. गाऊनसाठी कर्ज काढायचं नाही. तुझ्या आईची जी नारायणपेठ आहे तिचा रंग तुला खुलतो, रावपुऱ्यात माझ्या ओळखीचे शिंपी आहेत. त्यावर वाद घालू नकोस.

आता काम. शनिवारी आजींकडे जा आणि विचार की तुमचं नाव स्टेजवर घेतलं तर चालेल का. नको म्हणाल्या तर ‘समोरच्या विंगमधल्या एक आजी’ म्हणायचं, पण तुझ्या डोळ्यांसमोर त्याच हव्यात. वहीतल्या बाकीच्यांनाही विचार. पोरी, वर्ष होऊन गेलं. ती यादी आज खरी आहे का? कोणाचं औषध बदललं, कोण मुलाकडे राहायला गेलं, कोण नाही राहिलं? ते भरून घे. मग शेजारच्या दोन सोसायट्यांत जा आणि तिथल्या कोणा मुलीला तेच चार रकाने आखून दे. परीक्षकांनी किती जण विचारलं तर आकडा सांग, लहान असला तरी. सतरा असतील तर सतरा. वीस म्हणू नकोस.

रविवारी चारनंतर ये, मी घरीच आहे. वही घेऊन ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि पुराची तारीख फॉर्मच्या शेवटच्या पानावर तू सप्टेंबर लिहिली आहेस, ती खोड. पाणी चढायला लागलं तेव्हा जन्माष्टमी होती. आजींनी तुला प्रसादाचा सुंठवडा दिला होता, तूच सांगितलंस.

तुझी,
मावशी